चौथ्या सीटवाल्यांचा धागा

चौथी_सीट (ठाणे पूर्व), रविवार रात्री ९:५०

संध्याकाळच्या ठाणे स्लो लोकलला भायखळ्याला चढलं की मला चौथी सीट मागावी लागत नाही. बाकावरच्या तिघांतला एक जण मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, मांडी जेमतेम चार बोटं सरकवतो आणि म्हणतो, "या, तुम्ही मावाल." बारा वर्षं मावतोय. घाटकोपरला कोणी उठेपर्यंत अर्धं बूड हवेत.

वय ३६, उंची १ मीटर ७६, वजन ५४ किलो. बाविसाव्या वर्षीही ५४च होतं. नोकरी लागली की अंग धरेल म्हणाले, मग लग्न झालं की, मग मूल झालं की. मूल झालं, बायकोने धरलं, मुलीनेही धरलं. मी होतो तिथेच. कॉलेजची पँट अजून येते, हे लोक कौतुकाने ऐकतात. तिला बेल्टचं सहावं भोक सुरीने पाडलेलं आहे, ते कुणी बघत नाही.

आज सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. काट्यावर उभा राहिलो, सिस्टर म्हणाल्या, "५४. यांना साडेतीनशेची लावा." ४५ किलोच्या वर ३५० मिली घेतात, ४५० मिलीला ५५ किलोच्या वर असावं लागतं. म्हणजे मी एका किलोने शंभर मिलीच्या आतबाहेर. बाजूला नाव लिहून घेणारे काका मोठ्याने म्हणाले, "यांचं काढताय कशाला, यांनाच एक पिशवी चढवा." सगळे हसले. मीही हसलो, सुई टोचलेली होती, उठून कुठे जाणार.

दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या एका जिममध्येही गेलो होतो. ट्रेनरने अंगठा आणि मधल्या बोटाची रिंग करून माझ्या मनगटाभोवती फिरवली आणि निकाल दिला: "सर, तुम्ही एक्टोमॉर्फ. हार्डगेनर. पावडरशिवाय तुमचं काही होणार नाही." तीन किलोचा डबा घेतला. तीन आठवडे पोट ढवळत होतं, वजन अर्धा किलो उतरलं. त्या डब्यात आता कपड्यांचे चिमटे आहेत. झाकण चांगलं घट्ट बसतं.

तर विचारायचं हे, की हे एक्टोमॉर्फ वगैरे खरंच असतं का, की दुकान चालवायचा शब्द आहे? काही तपासण्या करायच्या का? आणि इथे कुणाचं वजन खरोखर वाढलंय का, 'मन लावून खा' याच्या पलीकडचं काही करून?

पोहेवाला, रविवार रात्री १०:१५

हजेरी लावतो. ४९ किलो. आजवर मिळालेल्या पदव्या: काडीपैलवान, पाप्याचं पितर, सुकट, अगरबत्ती, आणि पावसाळ्यात "छत्री धरू नको, उडशील". आमच्या एका मावशी तर हात धरून दंड दाबून बघतात, भेंडी कोवळी आहे का बघतात तसा.

भरलं_वांगं, रविवार रात्री १०:३१

असली दुःखं आम्हालाही द्या हो देवा! मी नुसता भाताचा वास घेतला तरी काटा पुढे सरकतो. वरण-भात-तूप दोनदा घेऊन ५४ राहणाऱ्या माणसाने धागा काढू नये, आरती काढावी.

मोगरा_नेरुळ, रविवार रात्री ११:०४

@भरलं_वांगं, गंमत म्हणून ठीक, पण ऐका. माझं वजन ४१. लग्नात चुडा भरायला बसले तेव्हा कासारीणबाईंनी हात दाबून बघितला आणि 'दोन-दोन'च्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्याही कोपरापर्यंत सरकायला लागल्या. त्यापेक्षा लहान माप मुलींच्या खणात होतं आणि त्यात हिरवा चुडा नव्हता. शेवटी दोरा गुंडाळून घातल्या. फोटोत दोरा दिसतो.

लग्नानंतर एका हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सासूबाईंसमोरच विचारलं, "हिला जेवायला देता ना?" मला वाईट वाटायच्या आधी सासूबाईंनाच लागलं. पुढचा महिनाभर माझ्या ताटात तूप असं पडायचं की वरण खाली लपायचं. एक किलो वाढलं. मग सासूबाई गावी गेल्या आणि किलोही गेला.

जाड माणसाला तोंडावर बोलणं वाईट हे आता निदान शहाण्यांना कळतं. बारीक माणसाला बोलणं म्हणजे काळजी, असं अजून सगळेच धरून चालतात. इतकंच म्हणायचं होतं.

भरलं_वांगं, रविवार रात्री ११:२०

चुकलं. आरती मागे घेते. दोऱ्याचं वाचून कसंसंच झालं.

उगाच_वाचलेलं (वाशी), सोमवार सकाळी ८:१२

'एक्टोमॉर्फ'ची कुळकथा माहीत आहे, म्हणून लिहितो. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभा आहे, टायपो पोटात घाला.

हा शब्द विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा, १९४० चा. त्याने कॉलेजच्या सुमारे ४,००० मुलांचे विवस्त्र फोटो तपासून शरीराचे तीन घटक मांडले. गर्भात सुरुवातीला पेशींचे तीन थर असतात, त्यांच्यावरून नावं दिली: एंडोमॉर्फ म्हणजे गोलसर, मेसोमॉर्फ म्हणजे पीळदार, एक्टोमॉर्फ म्हणजे लांबट सडपातळ. प्रत्येकाला १ ते ७ गुण. म्हणजे मुळात त्याच्याकडेही माणसं तीन डब्यांत टाकलेली नव्हती, प्रत्येकात तिन्ही घटक कमीजास्त होते. डबे नंतर जिमवाल्यांनी केले.

शेल्डनची खरी घसरण पुढची. शरीरावरून स्वभाव ठरतो म्हणाला: बारीक माणूस बुजरा, आतल्या आत कुढणारा, वगैरे. आणि हे जन्माचं, बदलत नाही. तो सगळा भाग पुढे निकालात निघाला. फोटोंचं प्रकरणही १९९५ मध्ये बाहेर येऊन गाजलं, कारण अमेरिकेच्या नामांकित विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे असे फोटो वर्षानुवर्षं काढले गेले होते.

मोजमापाचा भाग मात्र टिकला. १९६७ मध्ये हीथ आणि कार्टर या दोघांनी त्याची सुधारलेली पद्धत काढली, ती क्रीडाशास्त्रात आजही वापरतात. तिच्यात गोलसरपणा चिमटीत धरलेल्या कातडीच्या जाडीवरून काढतात, पीळदारपणा हाडांच्या रुंदीवरून आणि दंड-पोटरीच्या घेरावरून. आणि एक्टोमॉर्फी? फक्त उंची आणि वजनावरून. उंचीला वजनाच्या घनमुळाने भागायचं, आलेल्या आकड्याला ०.७३२ ने गुणायचं, त्यातून २८.५८ वजा करायचे.

धागाकर्त्याचं करून बघितलं (तुर्भे ते कोपरखैरणे एवढ्यात झालं). ५४ चं घनमूळ ३.७८. १७६ भागिले ३.७८ म्हणजे ४६.५६. शेवटी उत्तर ५.५. म्हणजे तुम्ही चांगलेच एक्टोमॉर्फ. पण आता वजन ६२ धरून करा, उत्तर ४ येतं. उंची तीच, मनगट तेच, माणूस तोच. ट्रेनरने जे तुमचं नशीब म्हणून सांगितलं ते तुमच्याच वजनाचा काटा आहे, फक्त ग्रीक कपडे घातलेला. हाडाची रुंदी बदलणार नाही, ती आईवडिलांची. बाकीचं कोरून ठेवलेलं नाही.

वात_प्रकृती, सोमवार सकाळी ९:४०

आपल्याकडे हे सगळं आधीच सांगितलंय. चरकसंहितेत आठ प्रकारची शरीरं निंद्य मानली आहेत, त्यात अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही येतात. पण दोघांत कृश बरा, असंही स्पष्ट म्हटलंय. वात प्रकृतीच्या माणसाने वजनाच्या मागे लागू नये. तूप, दूध, झोप, अभ्यंग.

खोपटचा_खोखो, सोमवार सकाळी ११:०२

वरच्या यादीतली झोप सर्वात महाग आहे, ठाण्यात तरी.

मी २० वर्षांचा असताना ५२ किलो होतो आणि पोलीस भरतीची तयारी करत होतो. उंची १६५ सेंटिमीटर लागते, ती होती. १६०० मीटर धावण्यात माझ्यापुढे कोणी नसायचं, खो-खोत घालवलेली दहा वर्षं तिथे कामाला आली. अडायचं छातीवर. न फुगवता ७९ सेंटिमीटर, आणि फुगवून निदान ५ ची वाढ. माझी ७६. सकाळी साडेपाचला मैदानावर आम्ही सहा-सात बारीक पोरं एकमेकांच्या छातीला शिंप्याची टेप लावून उभे. श्वास भरायचा, चेहरा लाल, "किती? किती?" टेप धरणारा दोस्त दया येऊन अर्धा सेंटिमीटर वाढवून सांगायचा. त्याने आमचं वाटोळं केलं, कारण खऱ्या मोजणीला तो नव्हता.

पुढच्या वर्षी दंड-बैठका आणि रोज सहा अंडी यावर ८० झाली. गोळाफेकीत मार्क कमी पडले ते वेगळं. आता बँकेत आहे.

दवाखान्याबाहेर, सोमवार दुपारी २:३०

डॉक्टर आहे, पण इथे निदान करत नाही. चौथी_सीट यांना एकच प्रश्न विचारेन, तोच मी ओपीडीत विचारते: वजन कमी *आहे* की कमी *झालंय*?

चौदा वर्षं ५४ वर असलेला, जिने चढणारा, भूक-झोप ठीक असलेला माणूस वेगळा. वर्षभरात काही न करता ६० चा ५६ झालेला माणूस वेगळा. सहा महिने ते वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर तो जाड असो की बारीक, त्याने यायलाच हवं. आपल्याकडे त्यात आधी टीबी, मधुमेह आणि थायरॉइड बघायचं. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, लांबलेला खोकला, सतत जुलाब, छातीत धडधड, यातलं काही असेल तर थांबू नका.

तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, १७.४ येतो, १८.५ च्या खाली म्हणजे कमीच. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी नीट तपासणी व्हावी: हिमोग्राम, थायरॉइडची टीएसएच, उपाशीपोटीची साखर आणि गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी, बी-१२, ड जीवनसत्त्व. पोट वारंवार बिघडत असेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक या आजाराची रक्ततपासणी. सगळं नीट आलं आणि वडील-आजोबाही असेच असतील तर तुम्ही जात्याच बारीक. केंब्रिजच्या सदफ फारूकी यांच्या गटाने २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १,६२२ निरोगी बारीक माणसांचा अभ्यास छापला, त्यातल्या साधारण चारपैकी तिघांच्या घरात आणखी बारीक माणसं होती.

आणि हात जोडून सांगते, वजन वाढवायच्या बिननावाच्या गोळ्या आणि पुड्या घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि सिप्रोहेप्टाडिन असतं. सिप्रोहेप्टाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध, त्याने भूक आणि झोप दोन्ही वाढतात. स्टिरॉइडने चेहरा चंद्रासारखा गोल होतो, घरचे खूश होतात, तोवर साखर आणि बीपी चढलेलं असतं, हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात. दिवस जास्त झाले असतील तर एकदम बंदही करता येत नाहीत, शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं.

ऐरोली_गाव, सोमवार संध्याकाळी ७:४८

डॉक्टरांनी साखरेचं लिहिलं ते मोठ्या अक्षरात लिहा. मी ६१ किलो, उंची १६८, सगळे 'सडपातळ' म्हणायचे. ४४ व्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ७.४, म्हणजे मधुमेहच. मी रिपोर्ट परत केला, नाव चुकलंय म्हणून. नाव माझंच होतं. हातपाय काड्या, पण पोटाचा घेर ९३ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही धोक्याची रेघ.

मग वाचायला लागलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच्यावर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे बाळंच हलकी जन्मतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून, असं पुण्याजवळच्या गावांत केलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे वरून बारीक, आतून जाड. बारीक माणसाने काट्यावर नाही, टेपवर विश्वास ठेवावा.

वात_प्रकृती, सोमवार संध्याकाळी ८:०५

म्हणजे 'कृश बरा' हे तुमच्या पोटाला लागू नाही. मान्य.

पाय_हलवू_नको, सोमवार रात्री १०:२२

आमची आजी म्हणायची, बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. मी जन्मभर हलवतोय. लक्ष्मीचं माहीत नाही, कॅलरी नक्की जात होत्या.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स लेव्हाइन आणि मंडळींनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना तेवढंच जास्त. अंगावर चढलेली चरबी मात्र कुणाची ०.३६ किलो, कुणाची ४.२३ किलो! ज्यांची कमी चढली त्यांचं शरीर जास्तीचं अन्न हालचालीत उधळत होतं. व्यायाम नाही, नुसती चुळबुळ: उठणं, बसणं, येरझाऱ्या. याच्याही आधी, १९९० मध्ये, कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस असंच जास्त खायला घातलं होतं. कुणाचं वजन ४.३ किलो वाढलं, कुणाचं १३.३, पण जुळ्या भावाचं साधारण भावाइतकंच. चौथी_सीट, तुमचा पाय आत्ता हलतोय का?

चौथी_सीट, सोमवार रात्री १०:३०

हलत होता. थांबवला.

येऊरची_वाट, मंगळवार पहाटे ५:५०

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, वाढलं. ५५ वरून ६२, चौदा महिने लागले. रिल्समध्ये दाखवतात तसं तीस दिवसांत काहीही झालं नाही.

पहिली गोष्ट केली ती वही. सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहिलं, शेंगदाण्याच्या दाण्यासकट. मी छातीठोक सांगायचो की मी भरपूर खातो. वही सांगत होती की मी *रविवारी* भरपूर खातो. बुधवारी सकाळी चहा-खारी, दुपारी मीटिंगमुळे डबा तसाच घरी परत, संध्याकाळी स्टेशनबाहेर एक वडापाव, रात्री 'पोट भरलंय' म्हणून दीड पोळी. लोकांना माझं रविवारचं ताट आठवतं, मलाही तेच आठवत होतं.

मग रोजच्यापेक्षा ३००-४०० कॅलरी वर. एकदम ताट वाढवलं तर उलटी येते, म्हणून चहाच्या दोन्ही वेळांना खाणं जोडलं: एकदा मूठभर शेंगदाणे आणि केळं, एकदा ग्लासभर दूध आणि दोन अंडी. चहावर भूक मारायची सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं. प्रथिनं किलोमागे साधारण दीड ग्रॅम. अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७-८, ग्लासभर दुधात ८, बेरीज घरच्या घरी होते. पावडर वाईट नसते, पण तुमच्या त्या डब्यातली बहुतेक साखरच असणार. मागे छापलेलं वाचा.

आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं. हे सोडलं तर ऐरोली_गाव यांच्यासारखं नुसतं पोट वाढेल. बारीक माणसं जिममध्ये जाऊन तासभर ट्रेडमिलवर धावतात, मला हे कोडं कधी सुटलेलं नाही. बैठका, डेडलिफ्ट, बेंच, ओढण्याचे व्यायाम, एवढंच. पहिल्या दिवशी मोकळी दांडी, ती २० किलोची, ती घेऊनच पाय थरथरत होते. बाजूचा पोरगा आरशात स्वतःचे फोटो काढत होता, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, याचा फार आधार वाटला.

येऊरला धावणं रविवारपुरतं ठेवलं. धावायला बारीक अंग हे भांडवल आहे. दोन तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन संपवणारा केनियाचा धावपटू किपचोगे ५२ किलोच्या आसपास आहे. त्याला कुणी "जेवतोस का" विचारत नसेल.

सीवूड्सची_आई, मंगळवार दुपारी १२:१५

थोडं अवांतर. मुलगी १४ वर्षांची, उंची १५५, वजन ३६. शाळेच्या कार्डावर दर वर्षी लाल पेनने 'वजन कमी'. ती धावते, नाचते, आजारी पडत नाही. पण आता नातेवाइकांच्या बोलण्याने लांब बाह्यांचे कपडेच घालते, उन्हाळ्यातसुद्धा. काय करू?

दवाखान्याबाहेर, मंगळवार दुपारी ३:०५

मुलांचा एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर तिची जुनी सगळी वजनं-उंच्या मांडून घ्या. खालच्या रेघेवर असली तरी लहानपणापासून त्याच रेघेने चालली असेल आणि पाळी वेळेत आली असेल तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. रेघ सोडून खाली उतरायला लागली असेल तर दाखवा. डबा लपून टाकते का, जेवण टाळायला कारणं सांगते का, आरशाशी भांडते का, याकडेही शांतपणे लक्ष असू द्या. विचारू नका, बघा.

मोगरा_नेरुळ, मंगळवार दुपारी ३:४०

आणि नातेवाइकांना तिच्या देखत थांबवा, ती खोलीत गेल्यावर नाही. माझ्या आईने एकदा एका आत्याला असं थांबवलं होतं, मी तेव्हा सातवीत होते. ते वाक्य अजून पाठ आहे: "ती अंगाने तुमच्या भावावर गेलीय, तक्रार तिकडे करा."

चौथी_सीट, शुक्रवार रात्री ९:१०

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १३.८, थायरॉइड ठीक, एचबीए१सी ५.३. बी-१२ आणि ड दोन्ही तळाला, त्याच्या गोळ्या सुरू. पोटाचा घेर ७३. वडिलांचा जुना फोटो काढला, १९८६ चा, तलावपाळीच्या कठड्यावर बसलेले. शर्टात शर्टच आहे.

वहीही लिहिली. गुरुवारी दिवसभरात १,६५० कॅलरी. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "हे मी सहा वर्षं सांगतेय, पण मी लॅन्सेट नाही ना."

चौथी_सीट, तीन महिन्यांनंतर, रविवार दुपारी १:३०

धागा वर काढतोय. पलीकडच्या सोसायटीत आज शिबिर होतं, मागच्या वेळेपासून नव्वद दिवस झाले होते म्हणून गेलो. काट्यावर ५६.३. उगाच_वाचलेलं यांच्या गणिताने ५.५ चा ५ झालोय. सिस्टरनी काही न बोलता साडेचारशेची पिशवी लावली.

नाश्त्याच्या टेबलावर तेच काका. बिस्किटाचे दोन पुडे पुढे केले, म्हणाले, "एक जास्तीचा घ्या." घेतला. दोन्ही वहीत लिहिलेत.

पोहेवाला, रविवार दुपारी १:४२

अभिनंदन! आणि ट्रेनमध्ये?

चौथी_सीट, रविवार दुपारी १:४५

अजून मावतो.